ग्रंथपालांच्या सल्ल्यानुसार

बस म्हटलं ना सौरभ! कडी मीच घातलीय दाराला, मीच काढणार. आणि ती शाल नि बॅग खाली ठेव आधी — म्हणे, मॅडम, यंदाही आमच्या सल्लागार मंडळावर या! मी? मेल्या, तुला लाज नाही? जर्नलं विकायला यायचास इथे, मग एकदा म्हणालास, अंधेरीला हॉटेलात मीटिंग आहे, सगळ्या कॉलेजांचे ग्रंथपाल येतायत, मोकळेपणी बोला, तुमच्या सूचनांवरच कंपनी चालते — तूच म्हणालास ना? बोलले मी! मला कधी कुणी काही विचारलंच नव्हतं रे. प्रिन्सिपल विचारतात ते पंखे चालतात का, एवढंच. तुम्ही हातात माईक दिलात — सुटलेच मी. सांगून टाकलं, आमची पोरं नाहूरला एका खोलीत पाच-पाच जणांत राहतात, तुमची जर्नलं रात्री मोबाइलवर वाचतात, अख्खं कॉलेज एकच पासवर्ड वापरतं, पास होऊन गेलेलीसुद्धा — वापरू द्या, अजून सोपं करा. तुमच्या वरच्या साहेब ऋतिका मॅडम मान डोलवत लिहून घेत होत्या. मला वाटलं, काय समजूतदार बाई आहे!

आणि केलंत काय? घरून वाचणं बंद! लायब्ररीत येऊन वाचा — सहा कॉम्प्युटर, त्यातले दोन मेलेले — ते पण ऐन प्रोजेक्टच्या आठवड्यात. बरं, कंपनी तुमची, करा बंद. पण पोरांनी पासवर्ड टाकला की स्क्रीनवर काय? 'ग्रंथपालांच्या सल्ल्यानुसार हा बदल करण्यात आला आहे' — आणि खाली मी! सुगंधा परब, निळ्या साडीत, दात काढून हसतेय!

मग आली ना पोरं. आईबहिणीवरून शिव्या — त्या कपाटाची काच फोडली, खुर्च्या आपटल्या — आणि एकाने हे उचलून फेकलं. हे कागदांना भोकं पाडायचं पंचिंग मशीन. घे, घे हातात, लोखंड आहे नुसतं. कुंदाच्या डोळ्यावर बसलं. माझी असिस्टंट कुंदा — तुला दर वेळी चहा आणून द्यायची ती. डॉक्टर बघू बघू म्हणत होते, काल तेही म्हणायचे थांबले. गेला डोळा.

तिला नव्हतं मारलं रे त्याने. मला मारलं होतं. मी वाकले. ती मागे उभी आहे हे माहीत होतं मला — आणि मी वाकले. पोलिसांना नाही सांगितलेलं हे. तुला कशाला सांगतेय? जाऊ दे — आण ते मशीन इकडे — आणि फोन लाव. ऋतिकालाच लाव, स्पीकरवर. माझा फोटो स्क्रीनवरून आत्ता काढून टाका म्हणावं, घरून वाचणं आत्ता सुरू करा, परवा सबमिशन आहे पोरांचं, बाहेर पुन्हा जमलीत ती. वाजतोय — बोल. डोळ्याचंही सांग. नीट सांग, ततपप करू नकोस —

काय म्हणाली? फार मोलाची सूचना आहे, मॅडमना म्हणावं पुढच्या मीटिंगला येऊन मांडा?

ठेव. ठेव तो फोन. रडतोस काय, ऊठ — तिकडे, भिंतीपाशी उभा राहा. तुझ्या मागे कुणी नाही, बघून घेतलंय मी.

वाक.