छपराचे उघडे पट्टे

मायबापहो, एक सांगा — देवाचं जुनं देऊळ मोडतं कुणामुळे? गाव सोडून गेलेल्या पोरांमुळे? लगेच माना डोलावल्यात! थांबा जरा.

कोकणातलं वेळशेत गाव. देवळाचा सभामंडप लाकडी, वर कौलारू छप्पर. रीत अशी — छपराचा एकेक पट्टा एकेका घराचा. पावसाआधी ज्यानं त्यानं आपला पट्टा शाकारायचा. कौलं उतरवायची, झाडायची, फुटकी बदलायची. पण तीस घरांपैकी बावीस घरांना कुलूप!

मे महिन्यात सभा बसली. पनवेलला नोकरी करणारा हर्षद उभा राहिला. "मंडप पाडा, स्लॅब टाका! दरसाल रजा कोण देतं?"

बाबल गुरव, देवाचे पुजारी, साऱ्या गावाचे आबा, वय बहात्तर. कळवळून म्हणाले, "अरे, एका दिवसाचं काम!"

"एक दिवस तरी कशाला, आबा? अकरा वर्षं आमच्या घरचं कुणी आलं नाही. गळला थेंब?"

आबा नुसते गुडघा चोळू लागले! पण त्यांच्या बायकोला, सरूकाकींना राहवेना — आम्हा बायकांना राहवतं कुठं? — "कसा गळेल रे? तुझ्या पट्ट्यावर हे चढतात! बाविसांच्याही चढतात! गेल्या साली गुडघा तिथंच मोडला."

हर्षदचा चेहरा उतरला. आणि मग, मंडळी, तो चिडला! "मला सांगितलं का नाहीत?"

"तुला लाज वाटू नये म्हणून रे."

"अहो आबा, लाज वाटली असती तर आलो असतो!"

पाहा! आबांनी प्रेमानंच केलं. पण त्या प्रेमानं देवळाची गरजच पोरांपासून लपवली!

आबा म्हणाले, "यंदा मी कुणाच्याच पट्ट्यावर चढणार नाही. पाडायचं तर पाडा."

स्लॅबचा ठराव पंधरा दिवस पुढे ढकलला. दुसऱ्या दिवशी सकाळी हर्षद वर चढला — पहिल्याच पावलाला तीन कौलं फुटली! खालून सरूकाकी, "अरे, देवाच्या डोक्यावर नाचतोस काय? कौलावर नको, खालच्या लाकडी रिपेवर पाय ठेव!" आबांचे हात शिवशिवत होते, पण उठले नाहीत. बसून राहिले!

फोन गेले. हर्षद धरून नऊ घरची पोरं आली. तेरा पट्टे अजून शाकारणीविना उघडे आहेत, आणि पंधरवडा सरत आलाय. येतील ती? मला ठाऊक नाही हो.

पण बायांनो, आपलं काय? सून देवघराशी आली की आपण म्हणतो, "राहू दे, मी करते." लेकानं समई उचलली, "राहू दे, सांडशील." आणि मग आपणच रडायचं, आमच्यामागे कोण करणार!

उद्या पूजेच्या वेळी ते "राहू दे" ओठांवर येईल. गिळा! तेल सांडेल, फूल उलटं वाहिलं जाईल, जीव वरखाली होईल. होऊ दे. हात मात्र मांडीवर ठेवा — आणि तोंडानं नाम घ्या.