मिटायचा नाही

बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर एक तरुण उघडा लॅपटॉप दोन्ही हातांवर ताटासारखा धरून बसला होता. शेजारच्या बाईंना शेवटी राहवलं नाही.

"मिटून ठेव की रे. हात भरून येतील."

"मिटला की झोपतो, काकू."

"झोपू दे. उतरताना उठव."

"बाकी सगळा उठतो. स्क्रीन उठते, बटणं उठतात. फक्त स्पीकरचा अ‍ॅम्प्लिफायर उठत नाही. मग आवाज बंद."

"आमच्या ह्यांचं उलट आहे. आवाज सहाला उठतो, बाकीचे दहाला. पण कुठल्या दिवट्यानं केलंय हे?"

"अ‍ॅम्प्लिफायरला उठवायचा प्रोग्रॅम ना? मी."

"अगंबाई! मग दुरुस्त कर."

"तीन महिने तेच करतोय. आज साहेबांना दाखवायचंय. नाही जमलं तर उद्यापासून येऊ नकोस म्हणालेत."

"काय दाखवायचंय?"

"झोपून उठल्यावर आवाज येतो, हे."

"आणि तू तर त्याला झोपूच देत नाहीयेस."

"झोपला तर आवाज येणार नाही ना, काकू."

"मग साहेबांना काय सांगशील?"

"आत्ताच उठलाय म्हणून."

"आणि त्यांनी स्वतःच्या हातानं मिटून बघितला तर?"

"तर नोकरी गेली. मग येताना मीही मिटूनच आणेन. आलाच माझा स्टॉप."

"थांब, मी पुढे होते. ओ दादा, सरका जरा! आणि एवढं हळू काय बोलताय सगळे? झोप लागेल त्याला!"