कोळंबीच्या टरफलांचं सुकं दळण

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष, प्राचार्या डॉ. उत्तरा गुप्ते मॅडम. व्यासपीठावर बसलेले भाजीपाला उत्पादक मंडळाचे श्री. आनंद भोईर, वनस्पतिशास्त्र विभागातले सगळे गुरुजन, माझे प्रयोगशाळेतले सोबती, कल्याणच्या आसपासच्या गावांतून आलेले शेतकरी, तिसऱ्या रांगेत बसलेल्या बचत गटाच्या सोळाजणी, आणि त्यांच्या मागे, दाराजवळच्या खुर्चीवर बसलेली रसिका. सर्वांना जयभीम आणि नमस्कार.

परिचय करून देताना सर्वेश सर म्हणाले, "राजरत्न यांनी पुष्कळ उपकरणं बनवली." पुष्कळ हा शब्द मला चालत नाही, सर. मी या हातांनी केलेल्या वस्तू अशा. भंगारातल्या मिरची कांडपाच्या यंत्रापासून केलेली टरफलं दळायची चक्की, एक. धुलाई यंत्राच्या मोटारीवर चालणारी ढवळणी, दोन. पहिली जळाली, तीही माझ्याच चुकीने. खिडकीच्या जाळीची वाळवणाची तबकं, चोवीस. पिंपाला खालून तोटी, पाच पिंपांना. द्रावण किती दाट झालं ते मोजायची काचनळी. तिच्यातून गोळी खाली पोचायला एकोणीस सेकंद लागले की द्रावण बरोबर. आणि चाळण्या, सतरा. सर 'शंभरेक' म्हणाले. सतरा.

मी दहावी पास. सव्वीस वर्षांपूर्वी इथे परिचर म्हणून लागलो, आज निवृत्त होतोय. ग्रंथालयातून रद्दीत निघालेलं एक पुस्तक आणि एक शब्दकोश एवढ्यावर शिकलो. कोळंबीच्या आणि खेकड्याच्या टरफलात निसर्गानेच केलेला एक चिवट पदार्थ असतो. टरफलातला चुना आम्लाने काढायचा, मांसाचा अंश क्षाराने काढायचा, उरेल ते तीव्र क्षारात तापवायचं, की कायटोसान मिळतं. व्हिनेगरमधल्या आम्लात ते विरघळतं. हजार भाग पाण्याला एक भाग घेऊन पानांवर फवारलं की पानावर पातळ पापुद्रा धरतो आणि झाडाला वाटतं, बुरशी आली. ते आधीच सावध होतं. रोग बळावल्यावर याचा उपयोग नाही, हे मी प्रत्येक शेतकऱ्याला सांगतो. चुना घातलेल्या औषधात मिसळलंत तर गुठळ्या होतात, हेही सांगतो. तरी दर वर्षी कुणीतरी मिसळतं आणि पंपाचं तोंड माझ्याकडे घेऊन येतं.

आनंदभाऊ, तुमच्या भेंडीवर पहिली फवारणी केली तेव्हा तुम्ही काय म्हणाला होतात? "राजाभाऊ, भेंडीला कोळंबीचा वास आला तर बायको म्हणेल, भाजी कशाला, कालवणच करते!" हसा, हसा. आठ ओळी फवारल्या, आठ सोडल्या. सोडलेल्या ओळींत शंभरातली सेहेचाळीस पानं भुरीने पांढरी झाली, फवारलेल्यांत सात. त्या सात पानांसाठी आज माझ्या गळ्यात हार आहे.

पण त्या सोळाजणी इथे का आल्या आहेत? कारण एक तारखेपासून त्या आपापल्या घरी टरफलं दळायला बसणार आहेत. सुकी, माझ्या चक्कीसारख्या चक्क्यांवर, माझ्या चाळण्यांतून. मॅडमनी मला सांगितलं होतं की पद्धत समजावून सांगा. तेच करायला उभा आहे. थोडा वेळ लागेल.

ही पद्धत मी एकट्याने बसवली नाही. सायकल स्टँडमागच्या खोलीत माझ्यासोबत मीराबाई होत्या. मीराबाई भगत, खाडीकाठच्या. बाजारात कोळंबी सोलून विकायच्या आणि टरफलं माझ्यासाठी ठेवायच्या. पुढे त्या खोलीत कामालाच आल्या. सोमवारी आणि गुरुवारी दळण, बाकीचे दिवस धुणं, ढवळणं. मापात त्यांचा हात माझ्यापेक्षा स्थिर होता. हे मी पहिल्यांदाच कबूल करतोय.

मला पावडर बारीक हवी होती. बारीक असेल तर आम्ल सारखं मुरतं, असं पुस्तकात होतं. ऐंशी नंबरची जाळी झाली, मग शंभरची. मीराबाई म्हणायच्या, "आजून किती बारीक करू रं? भाकऱ्या थापाच्या हान का याच्या?" दुपारपर्यंत त्यांच्या भुवया, पापण्या, केस सगळं पांढरं व्हायचं. पदराने तोंड पुसून म्हणायच्या, "बघ राजाभाऊ, म्हातारी केलीस मना." मी हसायचो. खिडकी बंद ठेवायचो, कारण वाऱ्याने पावडर उडून वजनात तूट यायची.

त्यांना खोकला सुरू झाला. मग दम लागायला लागला. मला वाटलं, चुलीचा धूर, वय, खाडीची हवा. एका सोमवारी दळता दळता त्या खाली बसल्या. ओठ निळसर. मी रिक्षाने दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी वाफ दिली, नळी लावून छाती ऐकली आणि विचारलं, "काम काय करतात?" त्यांना बोलवत नव्हतं. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं.

त्या खोलीची लेखी परवानगी माझ्याकडे नव्हती. तेव्हाच्या विभागप्रमुखांचा तोंडी होकार, बस. बाहेरच्या बाईला आत कामाला घेतलंय हे कळलं असतं तर माझी नोकरी गेली असती. मी म्हणालो, "घरीच असतात."

डॉक्टरांनी ते कागदावर लिहिलं. परतताना रिक्षात मीराबाई हळूच म्हणाल्या, "बरा केलास रं. नायतर तुजी नोकरी गेली असती." आणि गुरुवारी त्या दळणाला हजर. मी जाळी बदलून ठेवली होती.

त्या सोमवारनंतर अकराव्या दिवशी त्या गेल्या. शुक्रवारी सकाळी, घरात.

मी नोंदी ठेवणारा माणूस आहे. माझ्या वहीत तारीख, तापमान, आम्ल, वेळ, वजन आणि शेवटी शेरा असे रकाने असतात. मीराबाई गेल्यावर चौदा दिवसांनी मी वजनाची तूट तपासायला वही उघडली. शेऱ्याच्या रकान्यात माझ्याच अक्षरात होतं: 'मी.ना खोकला, उत्पादन कमी.' मंगळवारी. शुक्रवारी. पुन्हा मंगळवारी. खोलीला सुट्टी होती ते आठ दिवस कोरे. पुन्हा शुक्रवारी. बावीस नोंदी, आणि बावीसही दळणाच्या दुसऱ्या दिवशीच्या. पानांवरचे ठिपके मोजून बुरशी कुठून आली हे सांगणारा मी. तो रकाना मी दर आठवड्याला भरला आणि एकदाही उभा वाचला नाही. सुक्या टरफलाची धूळ छातीला धरते, काहींना जिवावर बेतते, हे मग शोधल्यावर सापडलं. माहीत असलेली गोष्ट होती ती. माझ्या रद्दीतल्या पुस्तकात नव्हती, एवढंच.

वही घेऊन मी त्यांच्या मुलीकडे गेलो. रसिका तेव्हा शेवटच्या वर्षाला होती. तिने सगळी पानं वाचली. घाई नाही, रडणं नाही. मग म्हणाली, "काका, तुमचं अक्षर किती छान आहे." थोड्या वेळाने म्हणाली, "आईला वाचता येत होतं. दाखवली असतीत तर तिने वाचली असती."

तुम्ही मला काहीही बोललात तरी ते याच्यापेक्षा कमीच असेल.

त्या दिवसापासून ती चक्की बंद आहे. तरी दुपारी तीनच्या सुमारास, विद्यार्थी नसताना, मागच्या खोलीतून चाळणी हलवल्याचा आवाज येतो. दोनदा झटका, मग थांबणं, मग खोकला. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा नाही. बाबासाहेबांच्या घरातला आहे. सुरुवातीला दार उघडून बघायचो. आता बघत नाही, कारण आत कुणी नसतं आणि आवाज थांबत नाही. भेंडीच्या शेतात भुरी आलेलं पान दिसलं की मला पान दिसत नाही, पापण्या दिसतात. आनंदभाऊ, तुम्ही मला एकदा विचारलंत, "राजाभाऊ, पानं मोजताना डोळे का मिटता?" मी 'ऊन लागतं' म्हणालो होतो. तेही खोटंच.

आता पद्धत. सोळाजणींनी नीट ऐका.

टरफलं सुकवायची नाहीत. ओलीच घ्यायची, रात्रभर पाण्यात बुडवायची आणि इडलीच्या पिठासारखी पाण्यासकट वाटायची. धूळ उडत नाही. जाडीभरडी राहतात, म्हणून आम्लात नऊ तास जास्त ठेवावी लागतात. पण शेवटी द्रावण तेच होतं. माझ्या नळीत गोळी एकोणीस सेकंदांतच उतरते आणि भेंडीवर आकडेही जवळपास तेच येतात. मी तीन हंगाम मोजलंय. वाटलेला लगदा दिवसभरात वास मारतो, म्हणून तो लांब पाठवता येत नाही. ज्या त्या गावात करून तिथेच वापरावा लागतो. आम्ल आणि क्षाराचं काम घरी करायचं नाही, इथे प्रयोगशाळेतच. आणि कुणाला साधा खोकला झाला तरी काम थांबवून डॉक्टरांना सांगायचं, मी टरफलाचं काम करते. अमृताताई, तुम्ही गटाच्या प्रमुख ना? हे वाक्य सगळ्यांकडून पाठ करून घ्या.

मॅडम, तुमचा चेहरा मला दिसतोय. तुम्हाला आज या मंचावर माझ्याकडून वेगळी घोषणा अपेक्षित होती, आणि ती का होणार नाही हे मी तुम्हाला आधी खोलीत येऊन सांगायला हवं होतं. माझी हिंमत झाली नाही. एका माणसासमोर मी एकदा खोटं बोललो आहे. दोनशे माणसांसमोर मला ते जमणार नाही, म्हणून इथे बोललो. चक्कीचं मोटारीचं चाक मी आज सकाळी काढून टाकलं. जाळ्या कापल्या. सतराही.

या संस्थेने दहावी पास माणसाला काचेची भांडी धुवायला ठेवलं आणि त्याने त्यांत काय करावं यावर डोळा ठेवला नाही, याबद्दल मी ऋणी आहे. शेतकरी मंडळींनी आपल्या उभ्या पिकात मला ओळी आखू दिल्या, त्यांचाही. शाल, श्रीफळ आणि मानपत्र मी घेतो. मानपत्रात माझ्या नावाशेजारी मीराबाई भगत हे नाव हाताने लिहून द्यावं, ही विनंती. निरोपाच्या दिवशी मी सभागृहाला जड केलं, कुणाचा अवमान झाला असेल, शब्द वावगा गेला असेल, तर पदरात घ्या. रसिका, तुझ्याकडे मी माफी मागत नाही. ती मागायची माझी जागा नाही.

एक गोष्ट राहिली, ती ऐकून मगच चहाला उठा. माजिवड्याला कचेरी असलेल्या एका कंपनीला सुकी, शंभर नंबरची पावडर हवी होती, लांब पाठवता येणारी, सोळाजणींनी घरोघरी दळलेली. त्या पद्धतीचे हक्क आणि चक्कीचा नकाशा यांच्यासाठी त्यांनी मला लेखी देऊ केलेले अडतीस लाख पंचाहत्तर हजार रुपये मी परवा नाकारले.