उद्याचा वारा

बायको: झालं तुझं? मला स्टुडिओत पोचायचंय. गाडी येईल एवढ्यात, आणि तू दारात उभा राहून उद्याच्या हवेचा कीस पाडतोयस.

नवरा: मी इतकंच म्हणतोय की वरची हवा मोजायला दुपारी सोडलेल्या बलूनचे आकडे बघ.

बायको: बघितले. ऑफिसातून निघताना बघितले.

नवरा: आणि तरीही तू टीव्हीवर सांगणार, की उद्या दुपारच्या आत समुद्रावरून वारा सुटेल आणि उकाडा कमी होईल?

बायको: सांगणार. काल सुटला, आज सुटला, उद्याही सुटेल.

आई: अरे, जाऊ दे की तिला! सूनबाई, हा निळा शर्टच राहू दे हं. त्यात उठून दिसतेस.

नवरा: आई, ती हवामान सांगायला चाललीय, लग्नाला नाही.

आई: झालं, झोंबल्या मिरच्या. अरे, भाजीवाल्यानं आज मला टोमॅटो हातानं निवडून दिले. म्हणाला, "हवेवाल्या मॅडमच्या सासूबाई ना तुम्ही?"

नवरा: आणि मला काय म्हणाला, माहितीय? "साहेब, उकाडा कधी सरणार ते मॅडमना विचारून सांगा." विचारून! पंधरा वर्षं या किनाऱ्याचा अंदाज मी लिहितोय.

बायको: लिहीत होतास.

नवरा: लिहीत होतो. बरं झालं, आठवण केलीस.

बायको: हे बघ, टीव्हीवाल्यांनी चाचणी आपल्या दोघांची घेतली. त्यांना मी आवडले. मग आपल्या ऑफिसच्या साहेबांनी अंदाजाचं कामही माझ्याकडे दिलं. मी काही पदर पसरायला गेले नव्हते. पण तेव्हापासून तुझं तोंड वाकडं झालंय ते झालंय.

नवरा: माझ्या तोंडाचं राहू दे. उद्या वाळूवर शाळांच्या शर्यती आहेत ना?

बायको: आहेत. उद्या सकाळी भरती आहे म्हणून दुपारी ठेवल्यात. मुख्याध्यापकांचा मला फोन आला होता. वारा असेल तर घेतो म्हणाले.

नवरा: तुला आला. पूर्वी मला यायचा.

बायको: बघ! बोलतोयस वाऱ्याचं, पण दुखतंय भलतीकडेच.

नवरा: नीट ऐक. काल जमिनीवरून येणारा वारा पातळ होता. समुद्रानं एक धक्का दिला आणि तो मोडला. आजही खाली कसाबसा मोडला, पण वर तोच थर जाड झालाय, पार उंचापर्यंत. उद्या तो समुद्राच्या वाऱ्याला किनाऱ्यावर पाऊल टाकू देणार नाही. दुपारी वाळू तव्यासारखी तापेल, आणि त्यावर पोरं अनवाणी धावतील.

बायको: धुक्याच्या वेळीही असाच हातवारे करून सांगत होतास. पडलं धुकं? मी पारा कमी सांगितला म्हणून ऑफिसभर बोललास. शेवटी मी सांगितला तेवढाच निघाला ना? दर वेळी लांडगा आला रे आला. आता खरंच आला असला तरी मी कशाला बघू?

आई: बरोबर बोलतेय ती. तुला तिचं काही म्हणून बघवत नाही. लहानपणी असाच होतास. भावाला सायकल घेतली तर हा जेवायचा नाही.

नवरा: आई, तू जरा आत जाऊन पंख्याखाली बस ना.

आई: जाते. घरात तू असलास की बाहेरचं ऊन बरं वाटतं.

बायको: सरक. मला बूट घालायचेत.

नवरा: धुकं पडणार नव्हतं.

बायको: काय?

नवरा: मलाही दिसत होतं की पडणार नाही. उगाच म्हणालो. तू चारचौघांत गडबडून जावीस म्हणून.

बायको: आणि पाऱ्याचं?

नवरा: तेही. पारा तू अगदी बरोबर धरला होतास. मी असतो तर एवढा नेमका धरला नसता. म्हणून तर जास्त लागलं.

बायको: अरे, मी दोन रात्री झोपले नव्हते. वाटायचं, एवढी वर्षं काम केलेला माणूस चूक म्हणतोय, म्हणजे आपलंच कुठेतरी हुकतंय.

नवरा: माहितीय. शेजारीच झोपलेलो असतो ना मी. तू कूस बदलत होतीस आणि मी डोळे मिटून पडलो होतो.

बायको: लाज नाही वाटली?

नवरा: वाटली. पण बरंही वाटलं. जळतो मी तुझ्यावर. रस्त्यात लोक तुला बघून हसतात, थांबतात, तेव्हा पोटात नुसता निखारा ठेवल्यासारखं होतं. हे सगळं खरंय, आणि वाऱ्याचंही खरंय. आता मला काय शिव्या द्यायच्या त्या दे, पण आधी हे आकडे बघ.

बायको: दाखव. हा खालचा आकडा मी बघितला होता.

नवरा: त्याच्या वरचा बघ. आणि त्याच्याही वरचा.

बायको: वरचे बघितलेच नाहीत मी. कालच्यासारखेच असतील म्हणून धरून चालले. अरे देवा! हा थर तर दिवसभर हलणार नाही.

नवरा: तेच तर म्हणतोय.

बायको: गाडी आली. काय करू? साहेबांना फोन लावते, अंदाज बदलला म्हणून सांगते. तू चल माझ्याबरोबर. तूच सांग कॅमेऱ्यासमोर. तुझा अंदाज आहे.

नवरा: मी?

बायको: का? हवं होतं ना तुला?

नवरा: हवं होतं. अजूनही हवंय. पण आज अचानक मी उभा राहिलो तर लोक म्हणतील, हा कोण? त्या मुख्याध्यापकांनी तरी शर्यती का थांबवाव्यात? तुझा शब्द झेलतात लोक. तूच सांग.

बायको: निदान तुझं नाव घेते.

नवरा: दोन माणसांची दोन मतं आहेत असं वाटलं की लोक सोयीचं तेवढं ऐकतात. जा तू. आणि तो निळा शर्टच राहू दे.

(दुसरा दिवस, संध्याकाळ. स्वयंपाकघर.)

आई: अरे, पान हललं नाही आज! नळाचं पाणी हाताला चटके देत होतं. बंदरावर दोन हमाल चक्कर येऊन पडले म्हणे, तेही सावलीत. शर्यती झाल्या असत्या तर काय झालं असतं त्या लेकरांचं? सूनबाई, धन्य आहे बाई तुझी. सांगितलंस अगदी तस्संच झालं.

बायको: आई, खरं तर काल यानेच मला—

नवरा: अगं, चहा उतू जातोय.

आई: मुख्याध्यापकांनी फोन केला होता ना? किती वेळ बोलत होते! आणि हा तुझ्याशी दारात हुज्जत घालत होता. शीक रे जरा तिच्याकडून.

नवरा: शिकतो, आई.

आई: आता मी जरा आडवी होते. अंगाची नुसती लाही झालीय.

बायको: का बोलू दिलं नाहीस मला?

नवरा: तिला तुझं कौतुक करताना एवढा आनंद होतो. त्यात कशाला बिब्बा घालू?

बायको: आणि तुला?

नवरा: मला काय? पोरं घरी राहिली, बरं वाटलं.

बायको: खरं सांग.

नवरा: तुझा फोन वाजला तेव्हा उठून गॅलरीत गेलो. ऐकवेना. त्यांचे आभार माझे होते आणि "अहो, त्यात काय" असं तू म्हणत होतीस.

बायको: त्यांना मी सांगितलं, की अंदाज माझ्या नवऱ्याचा आहे.

नवरा: काय म्हणाले?

बायको: म्हणाले, "मॅडम, किती मोठं मन तुमचं!"

नवरा: घ्या! म्हणजे तेही तुझ्याच खात्यात.

बायको: हसतोस काय? मी काय करू सांग.

नवरा: काही करू नकोस. चहा गाळ.

बायको: अजून जळतंय?

आई (आतून): सूनबाई, उद्या तरी कमी होणार का गं ही काहिली?

बायको: त्याला विचारा, आई. तोच सांगेल.

आई: बरं. सांग रे बाबा.

नवरा: होईल, आई. एकदम नाही होणार. पण होईल.