जळाला की बघू

...नाही, पण मी म्हणतो, चालू बल्ब काढायला काय जीव जातो का हो यांचा? तुम्हाला सांगतो, चोवीस वर्षं झाली मला दिव्यांचं दुकान टाकून, पण असली गल्ली बघितली नाही! रोज संध्याकाळी साडेसातला कोपऱ्यावरच्या डीपीचा फ्यूज उडतो. फट्! सगळी गल्ली काळोखात. आणि इकडे माझ्या लेकीची परीक्षा महिन्यावर! पोरगी मोबाईलच्या उजेडात पुस्तक धरून बसते आणि बायको माझ्याकडे अशी बघते, जशी काही मीच फुंकर मारली!

वायरमन म्हणाला, "काका, घरोघरी शंभरचे पिवळे बल्ब, डीपीला लोड झेपत नाही. सगळ्यांना एलईडी लावायला सांगा, फ्यूज टिकेल." म्हटलं, हात्तिच्या, एवढंच ना? निघालो खोकं काखेत मारून.

पहिला टेलर. काजं करता करता म्हणतो, "शेठ, धडधाकट माणसाला कुणी खांदा देतं का? चालतोय ना? जळाला की बघू!" शेजारच्या वहिनींनी मात्र लगेच घेतला... मी खूश! चार दिवसांनी विचारलं, तर एलईडी खोक्यासकट कपाटात, साड्यांखाली! "अहो भाऊजी, नवी वस्तू उगाच कशाला वापरून खराब करायची? जुना जळाला की लावू!" आणि ते रिटायर हेडमास्तर? "हा बल्ब लग्नाआधीचा आहे. हिच्यापेक्षा जास्त साथ दिलीय मला!" आत भांडं आपटलं. मग खालच्या आवाजात, "जळाला की बघू!"

जळाला की बघू, जळाला की बघू! आणि जळतोय का मेला एक तरी? हेच बल्ब विकताना मी देवाला हात जोडायचो, बाबा रे, निदान महिनाभर टिकू दे... ते आता अमरपट्टा घेऊन बसलेत!

शेवटी मीच स्टूल उचललं. घरोघर चढलो, जुना उतरवला, नवा लावला, नफ्याचं नाव नाही, वर कोळिष्टकं झाडली ती फुकट! त्या संध्याकाळी... साडेसात... पावणेआठ... आठ! फ्यूज जागेवर! लेक टेबलाशी, आणि बायकोनं न मागता चहा दिला हो! लग्नानंतर पहिल्यांदा!

तिसऱ्या दिवशी... फट्!

धावलो. टेलरनं एकाच्या जागी अकरा लावलेले, नुसत्या पाटीभोवती! "कमी खातो ना शेठ, तुम्हीच म्हणालात!" हेडमास्तरांच्या संडासात दिवसरात्र लख्ख उजेड. "कमी खातो ना!" आणि वहिनी? "भाऊजी, तुमच्यामुळे एवढी वीज वाचली, म्हणून मग विजेची शेगडी आणली!" त्यांचं बघून आणखी नऊ घरांत शेगड्या. आणि सगळ्यांच्या भाज्या फोडणीला कधी? साडेसातला!

तडक वीज ऑफिस गाठलं. "साहेब, मोठी डीपी बसवा हो, लेकीची परीक्षा आहे."

साहेबांनी मानसुद्धा वर केली नाही. "आहे ती जळालीय?"

"नाही साहेब, पण रोज फ्यूज..."

"मग? जळाली की बघू!"

आता बोला! आलो परत. एलईडीची खोकी माळ्यावर टाकली, काउंटरवर मेणबत्त्या मांडल्या. लेक त्याच उजेडात अभ्यास करते, आणि गल्ली? रांग लावून नेते, एकजणही हुज्जत घालत नाही. मेणबत्तीचं एक बरं असतं बघा...

ती जळते तरी!