पाचव्याची पाळी

हसू नका, पण इथे डब्लिनमध्ये मी बेसबॉल खेळतो. टीममध्ये चेंडू टाकणारे पाच पिचर असतात आणि दर रविवारी एकेकाची पाळी येते. पाचवा सगळ्यात कच्चा. तो मी.

नागपूरहून बाबा आले होते, त्यांना मॅचला नेलं. तिकडे ते आमच्या क्रिकेट क्लबचे सिलेक्टर होते. लहानपणी एका ओव्हरनंतर त्यांनीच मला टीममधून काढलं होतं.

त्या दिवशी मला असं धुतलं की विचारू नका. तरी कोच म्हणतो, "ग्रँड, ग्रँड! चालतंय, पुढच्या वेळी बघू."

परतताना ट्रेनमध्ये बाबांनी विचारलं, "हा माणूस तुला काढून काऊन नाही टाकत?"

"पाचव्याला सात-आठ मॅच देतातच, बाबा. त्याशिवाय कळत नाही म्हणे."

"काय कळत नाही?"

"पोरगा खरंच वाईट आहे, की नुसता घाबरलाय."

बाबा म्हणाले, "तुझी पाळी पुन्हा कधी?"

"पाच आठवड्यांनी. पण तुमचं विमान या शनिवारी आहे."

"मग ते पुढे ढकल. मी तुझी एकच ओव्हर पाहिली होती."