लाल दिवा अन् देवमनची चौकशी

नाही नाही, तुमी बराबर जागी आले पाहुणे — त्या टायरावर नोका बसू, धोतराले काळं लागते, इकडं बाकावर या. पोरगी द्याची म्हंजे चौकशी कराच लागते, अन् पोरगा ज्याच्या घरी नोकरीले हाय त्यालेच इचारा लागते, ही रीतच हाय. केनवडहून सकाळच्या येष्टीनं आले नं? घरी गेले असान, तिथं सांगतलं असन का मालक फय्याज मिस्तरीच्या गॅरेजवर बसले हायत — म्हंजे अख्ख्या मंगरूळपीरले मालूम झालं, माणिकरावची मोटर बसली म्हनून. असो. तं देवमन. माह्या मोटरीवर ड्रायव्हर होता तो, परवापर्यंत. काढला मी त्याले. तुमी सुपारी फोडाच्या आधी आले हे लय चांगलं केलं, नाही तं मंग म्हनले असते, माणिकरावनं मालूम असून सांगतलं नाही.

काहून काढला? चोर हाय म्हनून. इंजनातलं तेल चोरलं त्यानं. असे पाहू नोका माह्याकडं, मी बिनपुराव्याचा बोलत नाही. आयका. रामनवमीले आमी पोहरादेवीहून वापस येऊन राह्यलो होतो — मांगं घरची, दोन सुना, लेकरं, पुढं मी — यात्रेची गर्दी, रस्त्यानं निऱ्या बैलबंड्या अन् पायी मान्सं, ऊन असं का बोलाले जीभ उठत नाही. अन् त्या स्टेरिंगच्या समोर काच असते नं, तिच्या मांगं लाल दिवा लागला. इतकासाक, तुरीच्या दाण्याएवढा. तं या पठ्ठ्यानं काय करावं? गाडी बाजूले घेतली, इंजन बंद केलं अन् मले म्हंते, "मालक, हा तेलाचा दिवा हाय. आता गाडी पुढं नेत नाही." आता तुमीच सांगा, दिवा लागला म्हनून कोनी थांबते का? दिवा इझला तं मानूस थांबते. मी त्याले तेच म्हनलं. बाकी समदे हासले, हा हासला नाही. तवाच मले शक आला.

मंग सुरू झाली पंचाईत — दिवा कायचा. घरची म्हने नजर लागली, यात्रेत कोन्या बाईनं गाडीकडं टक लावून पाह्यलं होतं. लिंबू काढलं, उतरवलं, चाकाखाली ठेवलं. दिवा तसाच. मोठी सून म्हने, आज निंगताना मोटरीले कुंकू लावाचं राह्यलं — लावलं, चांगलं बोनटावर मळवट भरल्यासारखं लावलं. दिवा तसाच. रस्त्यावरचे रिकामे लोकं जमले, एक म्हने गाडीले तहान लागली, त्यानं लोटाभर पानी पाजलं. दुसरा म्हने ब्याटरी. तिसऱ्यानं तं आतमंदी मुंडकं घालून दिव्यावर फुंकर मारली — मारली बाप्पा, देवाशपथ. अन् हा देवमन बाजूले उभा, हातात ती तेल मोजाची पट्टी घेऊन, जसा का मयतीले आला. शेवटी मीच डोकं लावलं. म्हनलं इंजन चांगलं चालून राह्यलं होतं, आवाज नाही, धूर नाही, म्हंजे बिमारी दिव्यालेच हाय. मांगून हात घातला अन् वायर उपटून टाकली. दिवा बंद. समद्यायनं टाळ्या वाजवल्या. ह्याले म्हनलं, बस आता, चालव. तं म्हंते, "माह्या हातानं मी इंजन मारत नाही, मालक." मालकाच्या तोंडावर, गावच्या लोकायसमोर, माह्या सुनायसमोर. असा जावई पायजे तुमाले?

मीच चालवली मंग. मले येते चालवता, जीनिंगच्या मैदानात शिकलो मी. चांगली गेली की — थोडी गेली. मंग आतून खडखड कराले लागली, मंग एक किंकाळी फोडली अन् चूप. हलेच ना. आता चोरी पाहा कशी पकडली. दिवा तेलाचा हाय हे यानं एका नजरेत कसं वळखलं? एवढे लोकं जमले होते, कोनालेच समजलं नाही, यालेच बरं समजलं? ज्यानं तेल काढलं त्यालेच मालूम राहीन का तेल नाही. फय्याजनं पट्टी घालून पाह्यली तं म्हंते, तेल तं वरच्या खुनेपर्यंत भरलेलं हाय. पाहा — चोरी झाली अन् तेल कमी नाही. इतका सफाईदार चोर पाह्यला होता का तुमी?

नाही, वापस काहून टाकीन तो? ते मले काय इचारता, चोराले इचारा.

तेल भरत कोन होतं म्हंता? मीच भरत होतो. आधी तो दुकानातून डबे आनाचा, पन मांगच्या सालापासून पेट्रोल, तेल, समद्याचेच भाव आभायाले लागले, अन् माही सोताची घाणी असून मी दुकानदाराच्या घरी काहून पानी भरू? जवसाचं तेल, पयल्या धारेचं. माह्या आज्यापासून बंडीच्या चाकाच्या आकाले आमच्या घरचं तेल — आक झिजला का कधी? आता बंडीले चालते तं मोटरीले काय शिंगं फुटले? चाकंच हायत तिलेबी. अन् तेल काही ऐरंगैरं नाही, वाड्याच्या दाराले लावतो आमी, आठ दिवसात असं वाळून बसते नं बाप्पा, वार्निशसारखं, पाऊस लागत नाही, नख बसत नाही. हा देवमन मले म्हने, "मालक, हे टाकू नोका, हे आत जमन." एकडाव नाही, रोज सकाळी पट्टी घेऊन पायरीशी उभा — मालक पाहा, तेल चिकट झालं, मालक पाहा, आज आनखी घट्ट झालं. च्या प्याच्या टायमाले. मी म्हनलं, तुया हात स्टेरिंगवर ठेव, घाणी माही हाय. दुकानातून सोताच्या पगारातला डबा घेऊन आला एकडाव. वापस कराले लावला मी. उपकार करते काय माह्यावर?

तसा पेत नाही तो, नाही. बिडीबी नाही. तेच तं, जो मानूस पेत नाही त्याच्या पोटात काय हाय हे समजावं कसं? अन् अकड लय. तुमच्यातला शिकलेला पोरगा म्हनून ठेवला मी, माह्या बापानं ठेवला नसता. माह्या बाजूले बसे — म्हंजे ड्रायव्हर तिथंच बसते, पन तरी. घरी कप वेगळा ठेवला होता त्याचा, ते घरचीचं काम हाय, मी काही पाळत नाही. तं म्हने, मले च्या लागतच नाही. इतक्या सालात एक घोट नाही घेतला आमच्या दारात. कप तसाच पडला हाय कोनाड्यात.

मोटर बसली त्या दिवशी मले तिथंच सोडून गेला — हाओ, सोडूनच म्हनावं लागन. आधी बायका-लेकरं येष्टीत चढवून दिले, गर्दीत जागा करून, धाकट्या सुनेचं लेकरू रडून राह्यलं होतं तं त्याले खांद्यावर घेऊन कंडक्टरशी भांडला. मंग बैलजोडी घेऊन आला, मोटर ओढत इथपर्यंत आनली, सोता मांगून लोटत. तिथंच म्हनलं मी त्याले, चोरा, उद्यापासून येऊ नोको. दुसऱ्या दिवशी येऊन गाडी पुसून गेला, बोनटावरचं कुंकूबी. हाकललेला मानूस गाडी पुसाले काहून येते, सांगा. काहीतरी डाव असन.

काय रे फय्याज? तिथूनच सांग नं... बरं, आन इकडं. हे काय हाय? इंजनाच्या खालच्या पेटीतून निंगालं? एवढं? खरवस हाय का काय हे... बोटाले चिकटते. जाळीत हेच बसलं होतं म्हंतो तू, अन् तेल वर चढलंच नाही. अन् दिवा त्याच्यासाठीच... हं.

वास मले नोको दाखवू. मले वळखू येते माह्या घाणीचा वास. झाक ते. जा, आपलं काम कर.

उठले काहून पाहुणे? येष्टीले टाइम हाय अजून. कुठं — देवमनच्या घरी? मी एवढं सांगतलं तरी? बाप्पा, हासता काहून तुमी, मी काय हासाची गोठ सांगतली?

विहाराच्या मांगं जा, हापशीच्या बाजूचं घर. माय असते घरी, अंजनाबाई. असाच वाकडातिकडा रस्ता हाय. आयका — पाहुणे, त्याले भेटले तं एक सांगजा. म्हना, मालक म्हने का... मालक म्हने...

नाही. काही नोका सांगू. मी भेटलोच नाही म्हना. जा तुमी.